दोन खांबांमधले अंतर

सप्टेंबर २०१३. गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू होते. पाण्यात उतरलेल्या भाविकांच्या पायांना एकामागून एक दंश होऊ लागले. असह्य वेदना, रक्त, सूज, धावपळ. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. दंश करणारा प्राणी होता पाकट. चपट्या अंगाचा हा मासा उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून पडून राहतो. तो माणसावर चालून येत नाही, पण अंगावर पाय पडला की शेपटी उगारतो आणि शेपटीवरचा विषारी काटा पायात रुततो. या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. म्हणून दंश झालेला पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांपर्यंत, तासभर बुडवून ठेवणे हा पहिला उपाय. काटा खोल रुतला असेल, तर तो स्वतः न उपटता डॉक्टरकडे जावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी. आणि अशा पाण्यात उतरायचेच असेल, तर पावले उचलून न टाकता वाळूतून सरकवत चालावे. चाहूल लागली की पाकट आपणहून दूर जातो.

तेव्हा अनेकांना प्रश्न पडला तो वेगळाच. शहराचे सांडपाणी पिणाऱ्या या समुद्रात एवढे काही जिवंत असते? कोळीवाड्यात मात्र कोणालाही असा प्रश्न पडला नसता. पाकट ही तिथे जाळ्यात येणारी आणि ताटात वाढली जाणारी मासळी. तो कुठे बसतो आणि त्याला कसे हाताळायचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान.

किनाऱ्याची माहिती एकाकडे आणि किनाऱ्याचे निर्णय दुसऱ्याकडे, ही मुंबईची जुनी अडचण. जमिनीचा वापर आणि निसर्गाचे रक्षण यांचा मेळ घालायचा तर ‘स्थानिकांना सहभागी करून घ्या’, असे आज प्रत्येक सरकारी अहवालात लिहिलेले असते. पण सहभागी करून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि कधी? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. गिरगावातून वरळीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेले तरी पुरे.

वाडी, चरणी आणि भराव

गिरगावच्या पत्त्यांमध्ये या जमिनीचा जुना वापर अजून टिकून आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट. कोणे एके काळी इथे बागा होत्या, भाताची खाचरे होती. चर्नी रोडच्या नावामागेही एक गोष्ट सांगतात. १८३८ साली कंपनी सरकारने गुरे चारण्यावर कर लावला. गरिबांना तो परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळची जमीन विकत घेऊन गुरांसाठी चरणी म्हणून मोकळी करून दिली. जमीन तीच राहिली, पण ती वापरायची कोणी याचा निर्णय वर कुठेतरी झाला आणि खाली गुराख्यांची पंचाईत झाली, हा या गोष्टीचा गाभा.

खोताची वाडी हेही असेच बोलके नाव. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा, सरकार आणि कुळे यांच्यामधला माणूस. इथल्या खोताने आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले, त्यांवर लाकडी सज्जांची, बाहेरच्या जिन्यांची घरे उभी राहिली. एकेकाळी अशी पासष्ट घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जी उरली, ती टिकण्यामागे तिथे राहणाऱ्यांचा हट्ट मोठा. वारसा यादीत नाव असणे आणि दारात बसून त्या गल्लीवर लक्ष ठेवणारे माणूस असणे, यांत दुसऱ्याचे वजन जास्त असते, हे गिरगावकरांना वेगळे सांगायला नको.

जमीन कमी पडली की समुद्र भरायचा, ही मुंबईची सवय तर शहराच्या जन्मापासूनची. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॅक बेचे पाणी हटवून मरीन ड्राइव्ह झाला. या प्रत्येक भरावात ‘नवी जमीन मिळाली’ अशी नोंद झाली. काय गेले, याची नोंद मात्र क्वचितच झाली. कारण भरतीच्या पाण्याखाली असलेली जागा नकाशावर रिकामी दिसते.

ओहोटीला दिसणारे शहर

ही जागा रिकामी नसते, हे पाहायला ओहोटीची वेळ गाठावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहूनही अधिक खालीवर होते. पाणी मागे सरले की काही तासांपुरता किनाऱ्याचा एक पट्टा उघडा पडतो. इथल्या जीवांना दिवसातून दोनदा बुडायचे असते आणि दोनदा उन्हात तापायचे असते. असल्या कठीण जागी टिकणाऱ्या प्राण्यांची तऱ्हा न्यारीच.

चौपाटीच्या वाळूत शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, शिंपल्या, वाळूत रुतून बसणारी समुद्रफुले. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर तर वस्ती आणखी दाट. स्पंज, कालवे, समुद्रफुलांच्या नात्यातली झोअँथिड्सची हिरवी-करडी चादर, खबदाडीत लपलेला एखादा ऑक्टोपस, रंगीत समुद्रगोगलगायी. आणि प्रवाळसुद्धा. लक्षद्वीपसारखी मोठी प्रवाळभित्ती इथे नाही. गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या प्रवाळांच्या लहान लहान वसाहती खडकांना चिकटून असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचे नाव आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाला जे कवच, तेच तळहाताएवढ्या या वसाहतीला.

या जीवसृष्टीची माहिती सामान्य मुंबईकरांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम झाले ते २०१७पासून. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही निसर्गप्रेमींनी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर न्यायला सुरुवात केली. गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू. दिसेल त्या प्राण्याचा फोटो काढायचा, जागा आणि वेळ नोंदवायची, फोटो सर्वांना खुल्या असलेल्या नोंदसंग्रहात टाकायचा, तज्ज्ञांनी ओळख पटवायची. यातून शेकडो प्रजातींची नोंद झाली. यात कोणतीही महागडी यंत्रसामग्री नव्हती. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, मोबाइल आणि वाकून पाहण्याची तयारी एवढेच भांडवल.

या जीवांचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. कालवे आणि शिंपल्या पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात, म्हणजे पाणी स्वच्छ करण्याचे काम फुकट करतात. खडकांच्या कपारींत अनेक माशांची पिल्ले वाढतात आणि पुढे जाळ्यात येतात. खडबडीत किनारा लाटेचा जोर मोडतो. आणि ओहोटीला कालवे फोडणाऱ्या, खुबे वेचणाऱ्या बाईसाठी हा किनारा म्हणजे त्या दिवसाचा स्वयंपाक किंवा त्या दिवसाची विक्री असते.

रस्ता आला, तेव्हा

याच किनाऱ्यावरून किनारी रस्ता गेला. मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत १०.५८ किलोमीटर. गिरगाव चौपाटीजवळ तो जमिनीखाली शिरतो आणि मलबार हिलच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा पार करून प्रियदर्शिनी पार्कजवळ बाहेर पडतो. तिथून पुढे वरळीपर्यंत मुख्यतः भरावावर आणि पुलांवरून. त्यासाठी एकूण १११ हेक्टर समुद्र भरण्यात आला.

रस्ता नकोच होता, असे म्हणणे सोपे आहे. पण पेडर रोडवर तासन्‌तास अडकलेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला ते पटणार नाही. शहराच्या गरजा खऱ्या असतात. प्रश्न असतो तो ती गरज भागवताना काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, याचा.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे ‘सीआरझेड’च्या २०११च्या अधिसूचनेनुसार रस्त्यासाठी समुद्रात भराव घालायला मनाई होती. डिसेंबर २०१५मध्ये त्यात बदल झाला आणि ‘अपवादात्मक परिस्थितीत’ भरावावरच्या रस्त्याला वाट मोकळी झाली. मे २०१७मध्ये केंद्राची सीआरझेड मंजुरी मिळाली, २०१८च्या अखेरीस काम सुरू झाले. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांची सहकारी संस्था आणि पर्यावरण संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १६ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने ही मंजुरी रद्द ठरवली. मंजुरीच्या प्रक्रियेत गंभीर त्रुटी आहेत, प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागेल आणि किनाऱ्यावर प्रवाळ असल्याने वन्यजीव कायद्याखालची परवानगीही लागेल, असे निकालात म्हटले होते. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. पुढे वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळ वसाहती उचलून दक्षिण मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे बसवण्यात आल्या.

या घटनाक्रमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. प्रवाळ किनाऱ्यावर आधीपासून होते. ओहोटीला फिरायला जाणाऱ्या हौशी माणसांना ते दिसत होते, कोळ्यांच्या पायांखालून ते रोज जात होते. पण प्रकल्पाच्या मूळ कागदांत त्यांना यायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

साठ, एकशे साठ, एकशे वीस

आता वरळी. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून लहान बोटी समुद्रात जातात. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणारा पूल या बोटींच्या वाटेवरून जाणार होता. आराखड्यात पुलाच्या खांबांमधले अंतर होते ६० मीटर. बोटीची रुंदी काही मीटरच, तेव्हा ६० मीटर पुरेसे आहेत, असे महापालिकेचे म्हणणे. तज्ज्ञांचे अहवालही तिच्या बाजूने होते. कोळ्यांची मागणी होती १६० मीटरची.

कागदावर पाहिले तर ही मागणी अवास्तव वाटते. पण बोट म्हणजे रस्त्यावरची मोटार नव्हे. पट्ट्यांमध्ये सरळ रेषेत चालणे तिला जमत नाही. वाऱ्याने आणि प्रवाहाने ती आडवी सरकते. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा अचानक वादळ आले की सगळ्या बोटी एकाच वेळी घराकडे धाव घेतात. अशा वेळी इंजिन बंद पडले, जाळे पंख्यात अडकले, तर सावरायला जागा लागते. खांबांभोवती पाण्याचा ओढ आणि भोवरे बदलतात. शिवाय वरळीच्या समुद्रात खडक आहेत. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा बोटीला मोकळी नसते. आणि हा अनुभव नवा नव्हता. २००९मध्ये सागरी सेतू सुरू झाल्यापासून त्याच्या खांबांमधून ये-जा करणे म्हणजे काय, हे या लोकांना रोज कळत होते. आता त्याच वाटेवर खांबांची दुसरी रांग येणार होती.

इथे दोन्ही बाजूंकडे विज्ञान होते, हे लक्षात घ्यावे लागेल. एका बाजूला गणित होते, सरासरी होती, मानके होती. दुसऱ्या बाजूला वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसाची आठवण होती. पूल सरासरी दिवसासाठी बांधून चालत नाही, हे अभियंतेही मान्य करतात. वाऱ्याचा भार, भूकंप, पूर यांचा हिशेब ते वाईटात वाईट दिवस धरूनच करतात. बोटींच्या वाटेचा हिशेब करताना तो दिवस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनाच आधी विचारायला हवे होते.

२०२१-२२मध्ये कोळ्यांनी समुद्रात बोटी उभ्या करून काम अडवले. बैठका झाल्या, समित्या झाल्या, महिने गेले. अखेर २०२२ सरता सरता तोडगा निघाला. मधला एक खांब वगळायचा आणि अंतर १२० मीटर करायचे. एवढा लांब गाळा नेहमीच्या पद्धतीने झाकता येत नाही. त्यासाठी धनुष्याच्या आकाराची पोलादी तुळई लागली. २६ एप्रिल २०२४ रोजी १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची अशी पहिली तुळई बार्जवरून आणून बसवण्यात आली. पुढच्या महिन्यात दुसरी आली. सप्टेंबर २०२४मध्ये रस्ता सेतूला जोडला गेला.

आज त्या कमानी मुंबईच्या नव्या छायाचित्रांमध्ये मिरवतात. अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण त्या तिथे आहेत, त्या कोळ्यांच्या आग्रहामुळे. हीच चर्चा आराखडा कागदावर असताना झाली असती, तर खांब पेन्सिलीने खोडता आला असता. काम सुरू झाल्यावर तो खोडायला वाढीव खर्च आणि वेळ लागला. कोळ्यांचे बुडालेले दिवस वेगळेच.

विचारायचे कोणाला?

स्थानिकांना विचारा, असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो. स्थानिक कोण? वरळीत सहकारी संस्था होत्या, म्हणून निदान बोलणी करायला कोणी तरी होते. पण मच्छीमार म्हटला की सरकारी कागदावर बोट, परवाना आणि संस्थेचे सभासदत्व असलेला पुरुष येतो. ओहोटीला खडकांवर कालवे फोडणाऱ्या स्त्रिया, बोटीविना किनाऱ्यावरूनच जाळे टाकणारे, दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीला जाणारे, यांची नोंद सहसा कुठेच नसते. भरावाखाली सर्वांत आधी जातो तो मात्र त्यांचाच किनारा. नुकसानभरपाई ठरवायला पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवण्यात आला. पण ज्याचा कागद नाही, त्याचे नुकसान मोजणे कोणत्याही अभ्यासकाला अवघडच जाते.

दुसरी अडचण भाषेची. पर्यावरण आघाताचा अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. जो किनाऱ्यावर उभा राहून त्यातल्या दहा चुका दाखवील, त्याला तो वाचता येत नाही. ज्याला वाचता येतो, तो किनाऱ्यावर कधी उतरलेला नसतो. पर्यावरणीय मंजुरीचे नियम बदलण्याच्या २०२०च्या मसुद्यावरून हाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये द्या, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला.

तिसरी गोष्ट थोडी अप्रिय, पण सांगायला हवी. स्थानिक म्हणजे निसर्गाचे आपोआप रक्षक असेही नाही. लहान आसाची जाळी, पावसाळ्यातील बंदी मोडून केलेली मासेमारी, समुद्रात सोडून दिलेली प्लॅस्टिकची जाळी, यांनीही समुद्राचे नुकसान होते आणि ते करणाऱ्यांत स्थानिकही असतात. लहान बोटवाले आणि मोठे ट्रॉलरवाले यांचे हितसंबंध एक नसतात. म्हणून सहभाग म्हणजे ‘लोक म्हणतील ते’ नव्हे. सर्वांनी आपापली माहिती मांडायची, ती एकमेकांच्या समोर तपासायची आणि मग ठरवायचे. हौशी निरीक्षकाच्या फोटोची जशी तज्ज्ञाकडून खात्री होते, तशीच तज्ज्ञाच्या आराखड्याची किनाऱ्यावरच्या माणसाकडून व्हायला हवी.

आधी विचारले की काय होते

असे घडू शकते, याची उदाहरणे याच किनारपट्टीवर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ती अंडी पळवली जात. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाच राखणदार केले. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मुंबई-पुण्याहून लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांमध्ये त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली. अंड्यापेक्षा जिवंत पिल्लू गावाला जास्त देऊ लागले. पुढे हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरले.

दुसरे उदाहरण जाळ्याचे. कासव किंवा देवमासा जाळ्यात अडकला, तर त्याला सोडवायला जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. नुसता कायदा दाखवून तो ते का कापील? डिसेंबर २०१८पासून राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने यावर साधा उपाय काढला. संरक्षित प्राणी सोडताना जाळे कापले, तर त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यायची आणि २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. यातून प्राणी वाचतात आणि कोणते प्राणी किनाऱ्यालगत वावरतात याची नोंदही आपोआप जमा होते. समुद्रात जे संशोधकाला क्वचित दिसते, ते कोळ्याच्या मोबाइलमध्ये असते.

उलट उदाहरण सह्याद्रीचे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११च्या अहवालात घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर सुचवले होते. कुठे काय चालावे याचा शेवटचा शब्द ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावा, असा त्याचा गाभा होता. अहवाल वेळेवर लोकांच्या हाती गेला नाही. ‘घर बांधता येणार नाही, कौल बदलता येणार नाही’ अशा अफवा मात्र गावोगावी पोहोचल्या. लोकांच्या बाजूने लिहिलेला अहवाल लोकांच्या विरोधातला म्हणून बदनाम झाला. आज दीड दशकानंतरही घाटाच्या सीमारेषांचा घोळ चालूच आहे. गिरगाव-लालबागच्या कित्येक घरांतून गणपतीला आणि शिमग्याला जी माणसे कोकणात जातात, त्यांच्याच गावांचा हा प्रश्न आहे.

जगानेही हेच शिकायला वेळ घेतला. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियल इथे जैवविविधतेचा जो जागतिक करार झाला, त्यात २०३०पर्यंत जमीन आणि समुद्र यांचा प्रत्येकी ३० टक्के भाग राखण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच करारात आदिवासी आणि स्थानिक समाजांचे हक्क जपून, त्यांना निर्णयात घेऊनच हे करायचे, असे लिहिलेले आहे. पूर्वी अनेक देशांत राखीव क्षेत्रे आखताना माणसे हुसकली गेली आणि राखणदारच नाहीसे झाले, त्या अनुभवातून हे वाक्य आले आहे.

१११ हेक्टरचे पुढे काय?

मुंबईपुरता हा विषय संपलेला नाही. भरावाच्या १११ हेक्टरांपैकी निम्म्याहून अधिक जागेवर उद्याने, पदपथ आणि मोकळ्या जागा व्हायच्या आहेत. तिथे निवासी किंवा व्यापारी बांधकाम करायचे नाही, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातही आहे. म्हणजे दक्षिण मुंबईला फार वर्षांनी एवढी मोकळी जमीन मिळाली आहे. तिचा वापर कसा करायचा हे ठरवताना पुन्हा तीच संधी आहे आणि तीच चूक करण्याची सोयही.

परदेशी शोभेची झाडे आणि हिरवळ लावायची, की खारा वारा सोसणारी इथली झाडे? समुद्राकडची भिंत गुळगुळीत ठेवायची, की तिच्यावर कालवे, शेवाळ आणि खेकडे बसू शकतील अशा खाचा-कपारी करायच्या? ऑस्ट्रेलियात सिडनी बंदराच्या भिंतींवर २०१८पासून असा प्रयोग चालू आहे. खडकाच्या पृष्ठभागासारखे खळगे असलेल्या काँक्रीटच्या लाद्या भिंतीला लावतात आणि काही काळात त्यांच्यावर जीव वस्ती करतात. आपल्याकडे भिंतीचा कोणता भाग उन्हात तापतो, कुठे गाळ साठतो, कुठे पिल्ले दिसू लागली आहेत, हे सांगायला वरळीचे कोळी आहेत. ओहोटीला फोटो काढत फिरणारी मुले-मुली आहेत. रोज सकाळी मरीन ड्राइव्हवर चालणारे गिरगावकर आहेत.

यासाठी नवा कायदाही नको. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. महापालिकाही त्यात आल्या. ही नोंदवही कार्यालयात बसून भरायची नसते. कोणती मासळी कुठे मिळायची आणि आता मिळत नाही, कालवे कोणत्या खडकावर लागतात, उधाणाला काय दिसते आणि भांगाला काय, हे किनाऱ्यावरच्या बायका-पुरुषांनी सांगायचे आणि ते तारीख-जागेसह लिहून ठेवायचे. अशी नोंदवही हाती असली, तर पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या नकाशावरच प्रवाळ दिसेल आणि बोटींची वाटही.

किनारी रस्ता आता उत्तरेकडे निघाला आहे. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या टप्प्यात खाड्या आहेत, कांदळवने आहेत, कोळीवाडे आहेत. तिथल्या बोटींना खांबांमध्ये किती अंतर लागते, हे विचारायची वेळ हीच आहे.